चुन्याची वही

वही बाबांची. लाल कापडी पाठीची, दाल बाजारातली.
पहिल्या पानावर: चुना, दोन पोती, मिळाली.
खाली त्यांची सही, मैदान-कामगार म्हणून.
मॅचच्या आदल्या संध्याकाळी ते डी आखायचे,
दोरी न लावता.
पुढची सगळी पानं कोरी.
म्हटलं, ज्यांच्या बुटांनी त्या रेषा पुसल्या
त्यांच्याच सह्या घ्याव्यात इथे.

हजिऱ्याला सलामत मियाँ, गोलकीपर.
सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुड्याची वाट बघत बसलेले.
तीन बोटं वाकडी, तिन्ही वेगळ्या दिशांना.
"ही झाशीची, ही भोपाळची.
ही मात्र घरच्या दारात सापडली,
लिहू नकोस कुठे."
उर्दूत सही केली, उजवीकडून निघालेली,
आणि पेन माझ्यापुढे धरलं.
"आता तू कर. माझ्या वहीत.
कोणी आलं होतं, हे पोरांना दाखवायला लागेल."
मी केली. पंक्चर, दहा रुपये, याच्या खाली.

शितोळ्यांची सही बँकेतली निघाली.
दिनकर शितोळे, लेफ्ट आउट,
ज्यांच्या पुढे जाऊ पाहणारा वाराही
ऑफसाइड धरायचे, असं बाबा सांगत.
पूर्ण नाव, खाली दोन टिंबं, तारीख.
स्वतःच चपापले.
"ही पेन्शनची झाली. थांब, जुनी देतो."
चष्मा पुसला. 'दि'ला शेपूट दिलं, खोडलं.
सुनेनं चहा ठेवला, गजक ठेवली,
चहावर साय धरली,
जुनी सही काही येईना.
"अगं, बसच्या खिडकीतून वह्या आत यायच्या,
बघायचो पण नाही, हात आपला..."
पानावर आता सहा अर्धे शितोळे आहेत.
मला त्यातला चौथा आवडतो.

जीवाजीगंजात मोघ्यांकडे उशीर झाला होता.
फोटोवरचा हारसुद्धा सुकला होता.
मी वही पिशवीत घालत होते तर
कालिंदीबाई म्हणाल्या, द्या इकडे.
"शेवटची चार वर्षं त्यांचा हात थरथरायचा.
चेक, पोस्टाची स्लिप, नातवाचं प्रगतिपुस्तक,
सगळ्यावर मीच."
एका दमात केली.
'मो'ची मात्रा वाऱ्यानं उलटल्यासारखी,
अगदी तशीच.
"खोटी म्हणाल का?"
मी नाही म्हटलं.
"मग चहा घ्या."

आणि घोसीपुऱ्यात रामसेवक कुशवाह.
दार अर्धंच उघडलं.
"वो हम नहीं. हमारे भाई थे. गुजर गए।"
भाऊ नव्हताच त्यांना, बाबांनी सांगितलेलं.
मी माफी मागितली, स्कूटीला चावी लावली,
जाता जाता उगाच बोलले:
त्यांचा तो तिसरा गोल,
उजवीकडून घुसले, रिव्हर्सनं मारला,
बाबा जेवताना भाकरीच्या तुकड्यानं दाखवायचे.

"रिव्हर्स?"
दार पूर्ण उघडलं.
बनियन, लुंगी, गुडघ्यावर टाक्यांची लांब रांग.
"रिव्हर्स कहाँ! सीधी स्टिक। और बाएँ से।"
अनवाणी बाहेर आले,
अंगठ्यानं धुळीत डी काढला.
इथे गोली, इथे दोन बॅक,
और यहाँ हम, म्हणाले,
आणि थांबले.

एक शेळी येऊन गोलात उभी राहिली.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

सही दिली नाही.
आत गेले, पण दार ओढून घेतलं नाही.
त्यांच्या पानावर मी काहीच लिहिलेलं नाही.
धुळीतला डी मात्र डावीकडे फुगला होता.
बाबा असते तर पुसून
पुन्हा काढायला लावला असता.